नंबर लावण्याचा इतिहास : कुरकुंभ-दौंड परिसरातील रुग्णनोंदणी

रुग्णाने दवाखान्यात जायचे, नंबर लावायचा आणि पाळी येईपर्यंत थांबायचे, ही रीत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फार जुनी नाही. त्याआधी सगळे उलटे होते. आजारी माणूस घरी अंथरुणावर असे आणि वैद्याला बोलावणे जाई. वैद्य, हकीम, हाड बसवणारा, सुईण यांपैकी ज्याची गरज असेल त्याच्याकडे घरातले कोणीतरी चालत किंवा बैलगाडी जुंपून निघे. मोबदला बहुधा धान्यात किंवा सणावारी दिला जाई. रांगेचा प्रश्नच नव्हता. पण सर्वांना सारखी सेवा मिळे असेही नाही. बोलावणे कोणाच्या वाड्यातून आले यावर वैद्याचे पाऊल किती चटकन उचलेल हे ठरे, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत ते पाऊल पुष्कळदा पडतच नसे. रांगेला आज सगळेच कंटाळतात, पण पाटील आणि त्याचा सालगडी एकाच क्रमाने आत जातील ही शक्यता रांगेमुळेच निर्माण झाली.

कुरकुंभ हे दौंड तालुक्यातले फिरंगाई देवीचे गाव. पुणे-सोलापूर महामार्गाला दौंड-बारामती रस्ता मिळतो तिथे ते वसले आहे. दौंड इथून दहाएक किलोमीटर, पुणे ऐंशीएक. किरकोळ दुखणे गावात, त्यापुढचे दौंडला, त्याहून मोठे पुण्याला किंवा बारामतीला, अशी इथल्या रुग्णाची वाट ठरलेली आहे. या वाटेवर नोंदणीच्या जितक्या पद्धती आल्या, तितक्या एकीवर एक साचत गेल्या. जुनी पूर्णपणे गेली आणि नवी आली असे फारसे घडले नाही.

गावाला वैद्यकीय भेटीची तारीख आधी कळवण्याची पहिली व्यवस्था देवी रोगाच्या लसीबरोबर आली. मुंबई इलाख्यात ही लस १८०२ मध्ये आली आणि पुढे तालुक्या-तालुक्यांत ‘देवी काढणारे’ फिरू लागले. ते येणार म्हटले की पाटलाने वर्दी द्यायची, गावात दवंडी पिटायची आणि मुलांना चावडीपाशी जमवायचे. त्या काळी एका मुलाच्या दंडावरील फोडातली लस दुसऱ्याच्या दंडाला लावत. त्यामुळे टोचलेल्या मुलाला साधारण आठव्या दिवशी पुन्हा आणावे लागे: लस लागली का हे पाहण्यासाठी, आणि पुढच्या मुलांसाठी त्याच्याच दंडातून लस घेण्यासाठी. आयांना ही दुसरी भेट अजिबात मान्य नव्हती. पहिल्या दिवशी जमलेली मुले आठव्या दिवशी नेमकी मामाच्या गावी गेलेली असत. ठरलेल्या वेळेला माणूस न येणे हे आजच्या प्रत्येक रुग्णालयाच्या नोंदणी यंत्रणेचे दुखणे आहे. त्याचे मूळ कारणही तेव्हापासून फारसे बदललेले नाही. दुसऱ्यांदा येण्यात आपला काय फायदा, हे रुग्णाला कोणी नीट सांगत नाही.

रेल्वेने हे चित्र पालटले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पुण्याहून पुढे दौंडमार्गे डिकसळपर्यंत १८५८ च्या अखेरीस सुरू झाला, आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाल्यावर दौंड मोठे जंक्शन बनले. दरम्यान डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यात ससून रुग्णालय उभे राहिले. १८६७ मध्ये त्याची इमारत पुरी झाली. हे रुग्णालय पुणे स्टेशनच्या अगदी जवळ आहे. दौंडकडून गाडीने आलेला रुग्ण स्टेशनाबाहेर पडून चालत ससूनमध्ये पोहोचू शकतो. या एका गोष्टीमुळे भीमाकाठच्या गावांचे ससूनशी जे नाते जुळले ते आजही तुटलेले नाही. गाडीची वेळ हीच भेटीची वेळ असे. पहाटेची गाडी पकडायची, बाह्यरुग्ण विभाग उघडायच्या आत खिडकीपाशी उभे राहायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे.

खिडकीवर मिळे तो केसपेपर. नोंदणीच्या इतिहासात या कागदाइतकी यशस्वी वस्तू दुसरी नाही. वर अनुक्रमांक आणि तारीख, खाली नाव, वय, लिंग, गाव आणि विभाग. बाकी सगळा कागद कोरा, डॉक्टरांच्या लिहिण्यासाठी. निरक्षर माणसालाही तो चालतो, कारण भरायचे काम खिडकीमागचा कारकून करतो. तो रुग्णाच्या हाती राहतो, म्हणून एका विभागातून दुसऱ्या विभागात जाताना वेगळा निरोप धाडावा लागत नाही. घरोघरी हे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या सोबतीने जपलेले असतात, आणि नवा डॉक्टर पहिल्यांदा तीच पिशवी मागतो. त्याचे दोषही उघड आहेत. पावसात भिजला की इतिहास गेला, आणि रुग्णालयाकडे दुसरी प्रत नाही. पण कमीत कमी प्रश्न विचारून काम सुरू करण्याचे जे शहाणपण त्यात आहे, ते पुढच्या अनेक संगणकी अर्जांना साधले नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. सरकारी आरोग्यसेवा रुग्णाच्या गावाजवळ नेण्याचा आराखडा त्यात होता आणि त्यातूनच प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना रुजली. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येला एक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांना एक उपकेंद्र हे मापही ठरले. उपकेंद्रातल्या सिस्टर नोंदणीची वाट बघत बसत नाहीत. गरोदर बाई कोणत्या वस्तीवर आहे, कोणाच्या बाळाचा डोस राहिला आहे, हे त्यांच्या रजिस्टरमध्ये असते. २००५ नंतर आशा सेविका आल्या आणि हे काम दारापर्यंत पोहोचले.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य नोंदणीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. इथे वेळ मागून घ्यावी लागत नाही, दिवस ठरलेला असतो. लसीकरणाचा वार ठरलेला. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याची ९ तारीख गरोदर मातांच्या तपासणीसाठी ठरली. ती तारीख सांगायला ना संकेतस्थळ लागते, ना मोबाइल. ‘नऊ तारखेला या’ एवढे आशाताईंनी सांगितले की नोंदणी झाली.

शेजारच्या शिरूर तालुक्यात याहून वेगळा प्रयोग झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये वढू येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवेच्या साखळीत गुंफणे हे त्याचे सूत्र. या कामासाठी कोयाजी यांना १९९३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००२ पासून वढू आणि आसपासच्या गावांत प्रत्येक घराची व माणसाची कायमस्वरूपी नोंद ठेवणारी पाहणी सुरू झाली. जन्म, मृत्यू, लग्न करून येणे-जाणे, स्थलांतर अशा घटना ठरावीक काळाने घरी जाऊन टिपल्या जातात. माणूस आजारी पडण्याआधीच त्याची नोंद तयार असणे ही कल्पना राष्ट्रीय पातळीवर डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक येण्याच्या कितीतरी आधी शिरूर तालुक्यात राबवली जात होती. फरक इतकाच, की तिथे माहिती विचारायला माणूस येई आणि तो पुन्हा येणार आहे हे घरच्यांना ठाऊक असे.

कुरकुंभच्या माळावर औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि गावात एक नव्या जातीचा रुग्ण आला: निरोगी असूनही डॉक्टरसमोर जाणारा. ही वसाहत मुख्यतः रसायने आणि औषधद्रव्यांची. औषधांचा कच्चा माल बनवणारे सिप्लासारख्या कंपन्यांचे कारखाने इथे आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यात प्रथमोपचार पेटी आणि पाचशेहून जास्त कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष ही तरतूद होतीच. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेवर कामगाराला नेमण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी, नंतर बारा महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी आणि तिच्या नोंदी जपणे बंधनकारक झाले. म्हणजे या कामगाराची भेट कायदाच ठरवतो. कारखान्याच्या फलकावर पाळीनुसार नावे लागतात आणि पाळी संपली की रक्त देऊन, कानाची व फुफ्फुसाची तपासणी करून माणूस घरी जातो. हीच माणसे स्वतःच्या आईला दाखवायला निघतात तेव्हा मात्र पहाटे पाचला दौंडच्या एखाद्या दवाखान्याच्या पायरीवर असतात.

त्या पायरीवरचा खासगी दवाखाना हा या इतिहासाचा सर्वांत रंगतदार भाग. तालुक्याच्या गावात नाव कमावलेल्या डॉक्टरांकडे नंबर लावण्याची एक पूर्ण संस्कृती तयार झाली. दवाखाना दहाला उघडणार असला तरी सहाला पायरीवर कागद आणि त्यावर पेन ठेवलेले असते. पहिला येणारा वर आपले नाव लिहितो, दुसरा त्याखाली. नाव लिहून माणूस चहाला जातो, बाजार करतो. नऊला कंपाउंडर येतो, तो कागद आपल्या वहीत उतरवून घेतो आणि तिथून राज्य त्याचे. वहीत नाव बरेच खाली असले तरी धाप लागलेली म्हातारी तो चौथ्या नंबरला आत सोडतो आणि ‘मावशी, तुमचा सतरावा, गाडीला अजून दोन तास आहेत, निवांत बसा’ असे दुसरीला सांगतो. कोणाची शेवटची एसटी कधीची, कोण वडापने आले आहे, कोणाचे पोर तापाने फणफणले आहे, हे त्याला चेहऱ्यावरून कळते. मधूनच औषध कंपनीचा प्रतिनिधी बॅग सावरत आत सटकतो, तेव्हा बाकावर कुजबुज होते आणि थांबते. कंपाउंडर पक्षपात करतो, ओळखीचे आधी सोडतो, हा आरोप जुनाच आणि बऱ्याचदा खराही. तरीही त्याची वही आणि त्याची नजर मिळून जी यंत्रणा होते, तिच्यात तातडीचा रुग्ण ओळखण्याची सोय आहे. नुसत्या क्रमवारीत ती नसते.

शहरात वेळ देण्याची पद्धत रुळली, खेड्यात नंबराची टिकली. याला अडाणीपणा कारणीभूत नाही. वेळ देण्याच्या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास ब्रिटनमध्ये १९५० च्या सुमारास झाला. नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दाखवून दिले, की सगळ्यांना सकाळीच बोलावण्याऐवजी सुरुवातीला दोघांना बोलवावे आणि नंतर तपासणीला लागणाऱ्या सरासरी वेळेच्या अंतराने एकेकाला बोलवावे. मग डॉक्टर रिकामा बसत नाही आणि रुग्णाचा खोळंबाही आटोक्यात राहतो. गणित बिनचूक आहे. मात्र रुग्ण सांगितलेल्या वेळेला येऊ शकतो हे त्यात गृहीत धरले आहे. ज्याचे येणे एसटीवर आणि शटल गाडीवर अवलंबून आहे त्याला ‘अकरा वाजून वीस मिनिटे’ ही वेळ पाळता येत नाही. नंबर पाळता येतो. पुण्याहून आठवड्यातून एखाद्या वारी येणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या बाबतीत तर डॉक्टरच महामार्गावरच्या वाहतुकीत अडकलेले असतात.

घराघरांत फोन आले तसे वहीचे एक पान फोनवरच्या नावांसाठी राखले जाऊ लागले. आधी एसटीडी बूथवरून आणि मग मोबाइलवरून सकाळी ठरावीक तासात नावे नोंदवायची, असे फलक दवाखान्यांच्या दारांवर लागले. त्यानंतर व्हॉट्सॲप आले. कंपाउंडरच्या मोबाइलवर नाव आणि गाव पाठवायचे, उत्तरात आकडा येतो. ही व्यवस्था कोणी आखली नाही, तिच्यासाठी कोणी पैसे मोजले नाहीत. आणि तालुक्याच्या गावांत ती कोणत्याही खास बनवलेल्या संकेतस्थळाहून जास्त वापरली जाते.

संकेतस्थळांचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. मराठी अक्षरे संगणकावर आणण्याचे मोठे काम पुण्यातच, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये झाले. तरीही पुढची कितीतरी वर्षे मराठी मजकूर एका संगणकावर दिसे आणि दुसऱ्यावर चौकोन उमटत. युनिकोड सर्वत्र रुळल्यावर ते थांबले. ऑनलाइन नोंदणीची सवय लोकांना दवाखान्याने लावलीच नाही. ती रेल्वेने लावली. रेल्वेची इंटरनेटवरील तिकीटविक्री २००२ मध्ये सुरू झाली आणि दौंडसारख्या जंक्शनच्या गावात सायबर कॅफेवाला तिकीट काढून देतो हे सर्वांना माहीत झाले. २००८ मध्ये बेंगळुरूत प्रॅक्टो ही कंपनी निघाली. तिने आधी दवाखान्यांच्या नोंदी सांभाळणारी प्रणाली विकली आणि मग रुग्णांना डॉक्टर शोधून वेळ घेण्याची सोय दिली. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेने २००४ पासूनच तज्ज्ञांची वेळ संगणकावरून ठरवण्याची यंत्रणा सुरू केली होती. ती इतकी रखडत चालली की २०१५ मध्ये तिच्या जागी दुसरी आणावी लागली. भारतात १ जुलै २०१५ रोजी डिजिटल इंडियाच्या उद्घाटनाबरोबर सरकारी रुग्णालयांसाठी ऑनलाइन नोंदणी प्रणाली सुरू झाली आणि एम्सपासून तिचा विस्तार झाला.

महाराष्ट्र सरकारने त्याआधी एक वेगळी वाट धरली होती. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर सुरू झाली; २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. तिची सारी मंजुरी संगणकावर चालते, पण रुग्णाला संगणकासमोर बसवले जात नाही. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असतो. तो शिधापत्रिका पाहतो, कागद चढवतो, मंजुरी आली की सांगतो. कंपाउंडरच्या वहीतले शहाणपण सरकारी व्यवस्थेत सर्वांत नीट कुठे उतरले असेल, तर ते या पदात.

मग २०२१ साल आले आणि कुरकुंभपासून मुंबईपर्यंत सगळ्यांना कोविडच्या लशीसाठी ‘कोविन’ या एकाच संकेतस्थळाच्या दारात उभे राहावे लागले. कोविनवरील लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. १८ ते ४४ वयोगटासाठी आधी ऑनलाइन नोंदणी केल्याशिवाय लस नाही, असा नियम झाला. त्यांची नोंदणी २८ एप्रिलला दुपारी चारला खुली झाली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. लस मिळायची होती १ मेपासून, आणि तीही अगदी तुटपुंजी.

या संकेतस्थळाची रचना वरकरणी सोपी होती: मोबाइल क्रमांक, त्यावर आलेला ओटीपी, ओळखपत्र, मग पिनकोड किंवा जिल्हा टाकून केंद्र शोधायचे आणि स्लॉट घ्यायचा. एका क्रमांकावर चार जणांची नोंद चाले. अडचण प्रत्येक पायरीत दडलेली होती. स्लॉट कधी खुले होतील हे सांगितलेले नसे. दिसले की काही सेकंदांत संपत. शहरातल्या संगणकजाणकारांनी स्लॉट दिसताच टेलिग्रामवर सूचना देणारी साधने बनवली. ज्याचा अंगठा जलद आणि नेटवर्क चांगले त्याला लस, असा न्याय झाला. शोधण्याच्या दोन वाटांतही फरक होता. कुरकुंभचा पिनकोड ४१३८०२. त्याने शोधले तर जवळचे केंद्र दिसे, आणि तिथे स्लॉट नसे. ‘पुणे जिल्हा’ निवडला की शहरासकट साऱ्या तालुक्यांची केंद्रे एका यादीत येत. शहरात लस मिळेना म्हणून पुणेकरांनी हीच यादी वापरली, ग्रामीण केंद्रांवरचे स्लॉट घेतले आणि मोटारी काढून खेड्यांत आले. पुणे जिल्ह्यातल्या अनेक गावांत आरोग्य केंद्रासमोर वाद झाले: डोस गावाच्या नावाने आलेले, रांगेत मात्र सगळे पाहुणे. यंत्रणेच्या लेखी यात काहीच गैर नव्हते. जिल्हा एक, नागरिक समान, जो आधी बटण दाबेल तो पहिला. गाव आणि शहर यांच्यातले अंतर मोजण्याची सोय अर्जात ठेवलीच नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात डिजिटल दरीचा हा प्रश्न थेट उपस्थित केला. प्रादेशिक भाषांचा अभाव आणि दृष्टिहीनांना वापरता न येणारे कॅप्चा यांचीही दखल त्यात होती. त्याआधीच, २४ मेपासून, सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करण्याची मुभा १८ ते ४४ गटाला मिळाली होती. २१ जूनपासून ती सर्वत्र लागू झाली. जूनमध्ये संकेतस्थळावर मराठीही आली. पुढे लशींचा पुरवठा वाढला, आशाताई वस्तीवर फिरू लागल्या, आणि ज्यांनी कधी स्लॉट घेतला नाही अशांचेही लसीकरण झाले. नोंद कोविनवरच झाली, पण ती केंद्रातल्या कर्मचाऱ्याने केली.

टाळेबंदीच्या काळात दूरवैद्यकानेही जोर धरला. मार्च २०२० मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि एप्रिलपासून ई-संजीवनी या सरकारी सेवेवर घरबसल्या टोकन घेऊन डॉक्टरांशी बोलता येऊ लागले. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. त्यातून चौदा अंकी ‘आभा’ हा आरोग्य ओळख क्रमांक आला. २०२२ च्या ऑक्टोबरपासून रुग्णालयाच्या भिंतीवरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपायचा आणि टोकन घ्यायचे, अशी सोयही सुरू झाली. तिच्यात एक चांगली गोष्ट आहे: नाव-गाव पुन्हा लिहावे लागत नाही. रांग मात्र तिथेच जाऊन लावावी लागते. राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार आणि केसपेपर निःशुल्क केले. खिडकीवर सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत त्याने संपली, खिडकी उरलीच.

या सगळ्या वाटचालीतून आरोग्यसेवेच्या नोंदणीचे संकेतस्थळ या भागासाठी कसे असावे याची काही उत्तरे आपोआप मिळतात. पहिले नावाचे. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भागांत ओळख सांगतो. दोनच रकाने दिले की मधले नाव कुठेतरी घुसवले जाते आणि एकाच बाईच्या तीन नोंदी तयार होतात. दुसरे जन्मतारखेचे. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली १ जून ही हजारोंची कागदोपत्री जन्मतारीख आहे, आणि शाळेतच न गेलेल्या आजीचे वय बहात्तरच्या दुष्काळाच्या हिशेबाने सांगितले जाते. केसपेपर नुसते वय विचारतो आणि काम भागते. तारीख, महिना, वर्ष असे तीन रकाने भरल्याशिवाय पुढे न सरकणारा अर्ज आजीला पहिल्याच पायरीवर थांबवतो.

ओटीपीची अडचण कुरकुंभमध्ये आणखी खास आहे. घरात एकच स्मार्टफोन आणि तो मुलाकडे. मुलगा पाळीवर. ज्वलनशील रसायनांच्या कारखान्यात मोबाइल आत नेता येत नाही, तो गेटवर किंवा लॉकरमध्ये राहतो. तीन मिनिटांत संपणारा ओटीपी आठ तास लॉकरमध्ये पडून राहणार. अशा घरासाठी नोंदणीचे दुसरे दार लागते: साधा फोन, मेडिकल दुकानदार किंवा आशाताई. प्रत्यक्षात संकेतस्थळ वापरणारा आणि रुग्ण हे बहुधा दोन वेगळे लोक असतात, हे गृहीत धरूनच रचना करावी लागते. वसाहतीतल्या परप्रांतीय कामगारांमुळे मराठीबरोबर हिंदीही हवीच.

दृष्टिहीनांचा प्रश्न दौंड तालुक्याला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी कुरकुंभपासून फार लांब नसलेल्या केडगावात मुक्ती सदन उभारले, तिथे अंध मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम शतकाहून अधिक काळापूर्वीच सुरू झाले होते. संकेतस्थळे अपंगांना वापरता यावीत याचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ मध्ये आले, भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये, आणि अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये. तरीही २०२१ मध्ये कॅप्चाचा मुद्दा न्यायालयापुढे यावा लागला.

दर लपवण्याची सवयही मोडायला हवी. जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नियमांनी महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितले आहे. नोंदणीचे पान हाच आता रुग्णालयाचा दर्शनी भाग आहे. सोनोग्राफीची वेळ देणाऱ्याने तर कागदपत्रांची यादी आधीच सांगावी, कारण गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे तिथे अर्ज भरल्याशिवाय गरोदर बाईची तपासणी होऊ शकत नाही. यादी न कळल्याने परत पाठवलेल्या बाईचा दिवसाचा रोजगार आणि गाडीभाडे दोन्ही बुडतात. वेळेपेक्षा नंबर द्यावा, सध्या कितवा नंबर आत आहे हे दाखवत राहावे, आणि डॉक्टर येणार नसतील तर ते रुग्ण घरातून निघण्याआधी कळवावे. दौंडच्या बाकावर बसणाऱ्याला यापेक्षा जास्त काही नको असते.

धाप लागलेल्या म्हातारीला चौथ्या नंबरला आत सोडणारा कंपाउंडर पडद्यावर नसतो. म्हणून नोंदणीच्या पानावर, नाव-गाव विचारण्याच्याही आधी, सर्वांत वर १०८ हा आकडा मोठ्या अक्षरांत असायला हवा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, आणि तिला ओटीपी लागत नाही.